राखणदाराचा पहिला घोट

आमच्या वाडीतल्या महिला मंडळाची मी अध्यक्षा. गावात दारू नको म्हणून मोर्चा काढला तेव्हा फलक माझ्याच हातात होता, आणि ओरडून ओरडून घसा बसला तोही माझाच. आता अशा बाईने व्हिस्कीची चव घ्यायचीय हे सांगायचं तरी कुणाला? नवऱ्यालाच. तो जहाजावर असतो, सुट्टीवर येताना बाटली घेऊन आला. मी म्हटलं, "अहो, एकदाच. पण कुण्णाला कळता कामा नये, नाहीतर माझी अब्रू गेलीच म्हणून समजा."

रविवारी भरदुपारी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मोबाइलवर बघून लिंबाचं कॉकटेल करायचं ठरलं. त्यात म्हणे पुदिना हवा. मेला पुदिना आणू कुठून? मी फडताळातून मे महिन्यात केलेलं लिंबाचं सरबत काढलं, नवऱ्याने त्यात व्हिस्की ओतली, मी माठातलं पाणी घातलं आणि सवयीने वर मीठ आणि जिरंपूडही. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, हे उन्हाळी लागल्यावर पितात ते झालं!"

पेला तोंडाला लावणार, तोच दारावर काठी. सासरे! ऐंशी वर्षांचं वय, जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही, पण बाटली उघडली की बरोबर कळतं. म्हटलं, थोडी घ्या आणि गप्प बसा. छे! घरात बाटली आली की पहिला मान राखणदाराचा, म्हणजे आमची जागा राखणाऱ्या देवाचा. त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते थेंबालाही शिवत नाहीत. माझ्याच हातातला पेला घेऊन ते अंगणातल्या आंब्याखाली उभे राहिले आणि खड्या आवाजात सुरू झाले.

"बा राखणदारा म्हाराजा! लेक बोटीवरनं आलाय, बाटली घेऊन आलाय. माझी सून आज पयल्यांदा दारू पितेय. तिला सांभाळ, नि जास्त चढू देऊ नको रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं ऐकणाऱ्याने 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी तोंडाला पदर लावून गप्प. नवऱ्याचं हसून हसून पोट दुखायला लागलेलं. आणि अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून खणखणीत आवाज आला, "होय म्हाराजा!"

अगो बाई! शेजारीण. आमच्या मंडळाची सेक्रेटरी. सवयीने बोलून गेली, मग डोक्यात उजेड पडला असणार, कारण दोन मिनिटांत बया आमच्या अंगणात हजर. अध्यक्षपद तर गेलंच, आता गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

सासऱ्यांनी झाडाच्या मुळाशी थोडं ओतलं आणि उरलेला पेला तिच्यापुढे धरला. "घे गो बाय, परसाद."

प्रसादाला नाही कसं म्हणणार? तिने पेला कपाळाला लावला, पदराआड घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी जीव मुठीत धरून उभी.

"अध्यक्षीणबाई," ती म्हणाली, "पाणी काय ओतलंस ह्यात? सोडा घालतात गो, सोडा!"