लंडनचं भाडं, सिंगापूरचं भाडं आणि माझी कडी

आज दुपारी माझ्या दोन्ही जावांचा एकत्र व्हिडिओ कॉल आला. एक लंडनला असते, दुसरी सिंगापूरला. कोणाचं घरभाडं जास्त, यावरून अर्धा तास दोघींची चढाओढ. अर्धा पगार भाड्यातच जातो म्हणे, आणि बेडरूम एवढीशी की कपाट उघडलं की दार उघडत नाही.

शेवटी धाकटी मला म्हणाली, "वयनी, तुमका बरा. भाडाच नाय."

मी मसुऱ्याला सासरच्या घरात राहते. इथे त्या दोघींच्या नावाची एकेक खोली आहे. दोन्हींना कुलूप. चतुर्थीला आल्या की त्या राहतात. एरवी दर रविवारी मी उघडते, झाडते, परत कुलूप लावते. मी, नवरा आणि दोन मुलं, आम्ही चौघं माजघरात झोपतो.

खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. एवढीशी का होईना, त्यांच्या बेडरूमला आतून लावायला कडी आहे.

फोन ठेवला आणि धाकटीची खोली झाडायला घेतली. झाडून झाल्यावर आतून कडी लावली आणि तिच्याच पलंगावर आडवी झाले. बाहेरून नवरा हाका मारत होता, "गो, खंय आसस?"

तासभर मी ओ दिली नाही.

तुमच्या घरातल्या बंद खोल्या कोण झाडतं?