तिसऱ्या पायरीवरचा पिवळा डाग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दादाला तर नाहीच – ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसासमोर खरं बोलणं सोपं जातं, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. स्वतःवर वापरून पाहायला तेवीस वर्षं लागली.

मी अमरावतीत एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. वय बावन्न. माणूस सुखी कशाने होतो यावर माझी व्याख्यानं होतात – बँकेच्या लोकांसमोर, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळांत, अकोल्यापासून वरूडपर्यंत. मी बरा बोलतो. इथं खोटी नम्रता दाखवत नाही. ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी ती वेगळीच आहे.

माझ्या प्रत्येक व्याख्यानात एक बाई असते. भातकुलीकडच्या एका गावात फुलं तोडणारी. पहाटे दवात उभी राहते, झेंडू तोडते आणि हसते. मी तिला दहा पायऱ्यांची शिडी दाखवतो – सगळ्यात खाली वाईटात वाईट आयुष्य, सगळ्यात वर चांगल्यात चांगलं – आणि विचारतो, तुम्ही कुठे उभ्या आहात? ती आठव्या पायरीवर बोट ठेवते. एवढं सांगून मी थोडा थांबतो. मग म्हणतो, ‘तुम्ही-आम्ही कितव्या पायरीवर आहोत?’ मग टाळ्या.

बाई खरी आहे. ती माझी वहिनी आहे. शिडी खरी आहे. हसणंसुद्धा खरं आहे.

मग खोटं काय?

थोडं मागे जातो. दादा दहावीला शाळेतून उठला आणि शेतात लागला, मी शिकलो. वसतिगृहात मी जेवत होतो ते आमच्या शेतातल्या फुलांवर. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा बारावी पास होती – आमच्या घरात माझ्याआधी बारावी झालेली तीच – आणि आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात टोपली घेऊन वावरात गेली. यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मला पुस्तकं आणायची होती.

पीएचडीसाठी विषय घेतला तो मातीशी जोडलेल्या माणसांच्या समाधानाचा. गावोगाव फिरलो, शंभरावर लोकांना ती शिडी दाखवली. पण एक प्रकरण मला एकाच व्यक्तीवर लिहायचं होतं, बारकाईने. ती व्यक्ती मी आधीच ठरवून ठेवली होती. शेवंतीच्या आणि झेंडूच्या ओळींमधून हसत जाणारी वहिनी मी घरी आलो की दर वेळी पाहत होतो. याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

आता हे हसणं नीट सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. तोडायला येणाऱ्या बायकांची लहान लेकरं बांधावर बसलेली असायची. वहिनी त्यांच्यासमोर फुलं मांडायची आणि मोजायला लावायची. पाच झेंडू, त्यातले दोन गेले, राहिले किती? उत्तर बरोबर आलं की ते फूल त्या पोराच्या कानामागे. ‘ए, तुह्या बापाले येते का इतकं?’ म्हणून ती एखाद्याला चिडवायची, आणि ओळीतल्या बाया कंबर धरून हसायच्या. तेव्हा तिचा चेहरा – मी एवढ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तसा चेहरा दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. आणि माझ्या वहीत मी काय लिहिलं? ‘फुले तोडताना प्रसन्न.’

पाहिलं बरोबर. कारण चुकीचं लिहिलं. आणि ते चुकून लिहिलं असंही नाही.

कारण त्याच आठवड्यात मी तिला शिडी दाखवली. ती नुकतीच वावरातून आली होती, बोटं झेंडूने पिवळी-हिरवी झालेली. तिने कागद गुडघ्यावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं.

मी म्हणालो, ‘वहिनी, नीट विचार करून सांगा.’

‘नीटच केला, भाऊजी. तुमी लिवा.’

मी आठ लिहिलं.

तिच्यासमोर नाही, ती चहा टाकायला आत गेल्यावर. स्वतःला काय सांगितलं असेल? की तिला प्रश्न कळला नाही. की ती थकली होती. की तिचं वागणं तिच्या उत्तरापेक्षा खरं बोलतं. मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला चांगले चांगले शब्द मिळतात. पण त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला तेव्हाच माहीत होती. वहिनी तिसऱ्या पायरीवर असेल, तर माझं शिक्षण तिच्या खांद्यावर उभं होतं. ती सुखी असण्याची गरज तिच्यापेक्षा मला जास्त होती.

एवढ्यावर राहिलं असतं तर तो प्रबंधातला एक खोटा आकडा ठरला असता. तसे आकडे पुष्कळ असतात, कपाटात पडून राहतात. हा आकडा कपाटात राहिला नाही.

दोन महिन्यांनी गावात अंगणवाडीची जागा निघाली. गावातलीच शिकलेली सून हवी होती. वहिनीने अर्ज आणून ठेवला होता. दादाची सही नव्हे, नुसता होकार हवा होता. संध्याकाळी दादा अंगणात बाजेवर बसला होता. मी रविवारचा आलो होतो.

‘हिच्या डोक्शात अंगनवाडी घुसली,’ दादा म्हणाला. ‘सकायचे फुलं कोन तोडन मंग? तूच सांग रे बाप्पा. तू तं लोकायचं मन शिकून राहिला. हिचं मन कशात हाय?’

दादा वाईट माणूस नाही. त्याने खरंच विचारलं होतं. मी जे सांगितलं असतं ते त्याने ऐकलं असतं – आमच्या घरात माझ्या शब्दाला तेवढं वजन होतं, आणि ते वजन त्यानेच मला दिलं होतं.

मी म्हणालो, ‘दादा, वहिनी इथं सुखी हाय. म्या मोजलं हाय.’

दादा खदखदून हसला. ‘आयकलं का वं? मोजून आनलं यानं!’

वहिनी दारात उभी होती, हाताला पीठ. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला तिची पायरी माहीत होती, मला माहीत होती. तिसऱ्या कुणाला नाही. ती एक शब्द बोलली असती तर मी तिथेच उघडा पडलो असतो. ती आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

गावातून दुसरा अर्जच गेला नाही, म्हणून जागा शेजारच्या गावच्या एका बाईला मिळाली. तिची एसटी चुकायची, पोरं कुलूप लावलेल्या दाराशी बसून राहायची. वहिनी फुलांचं गाठोडं गाडीत चढवून परत येताना पोरं तिला हाका मारायची. सुरुवातीला ती थांबायची. नंतर तिने मागची वाट धरली, नाल्याकडून जाणारी, लांबची. त्या वाटेने जाताना मीही तिला पाहिलं आहे. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली.

सुख म्हणजे काय, यावर जाणत्यांमध्ये जुना वाद आहे. मनाला बरं वाटणं म्हणजे सुख, की आपल्या हातून होण्यासारखं काम आपल्या हातून होणं म्हणजे सुख? मी दोन्ही बाजू शिकवतो. माणूस कशालाही सरावतो, हेही शिकवतो. पण सरावणं म्हणजे सुख नव्हे, आणि या एका गोष्टीबद्दल मला शंका नाही, कारण मी ते बांधावर डोळ्यांनी पाहिलं होतं. एखाद्या पोराला वजाबाकी कळते तेव्हा शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते गरजा कमी करून येत नाही. मी लोकांना बरोबर याच्या उलट सांगत आलो. गरजा कमी करा, सुखी व्हा. ज्यांच्या गरजा दुसऱ्याने कमी केल्या त्यांचं काय, हे मी कधी बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्यात व्याख्यान होतं. माझी पुतणी तिथे दिलेली आहे. ती आईला घेऊन आली, मला न सांगता. ‘एक बाई होती’ असं मी म्हणालो आणि तिसऱ्या रांगेत वहिनी दिसली. शाल पांघरून, हात मांडीवर. मी थांबू शकलो असतो. गोष्ट बदलू शकलो असतो, पाणी पिऊ शकलो असतो, काहीही. मी काय केलं? नेहमीपेक्षा रंगवून सांगितली. तिच्याकडे न पाहता. आठव्या पायरीशी आलो तेव्हा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

नंतर चहा होता. ती कप घेऊन जवळ आली.

‘लय टाया पडल्या, भाऊजी.’

मी नुसती मान हलवली.

‘थे बाई आठवीवर होती म्हनता? बरी चढली. मी तं तिसरीवरच बसवून आली होती तिले.’

पुतणीने विचारलं, ‘कोन वं आई?’

‘कोनी नाई,’ वहिनी म्हणाली. ‘भाऊजीच्या वयखीची हाय एक.’ आणि तिने माझा रिकामा कप माझ्या हातातून घेतला, तिच्या कपात ठेवला आणि दोन्ही कप नेऊन ठेवले.

अमरावतीला आल्यावर मी जुन्या फायली काढल्या. तो कागद होता. फेकला का नव्हता, ते माहीत नाही. आठव्या पायरीवर माझ्या निळ्या पेनाची खूण आहे, ठळक, दोनदा फिरवलेली. तिसऱ्या पायरीवर बोटाएवढा पिवळट डाग आहे. तेवीस वर्षांत तो फारसा पुसट झालेला नाही.

ती आज कितव्या पायरीवर आहे, मला ठाऊक नाही. एकदा विचारलं होतं. तिने सांगितलं होतं.