पावडरीचा वैरी

सिद्राम शिंगेचं साऱ्या जगाशी जमायचं, एका फेस पावडरीशी तेवढं कधी जमलं नाही. आणि त्याला कारण बेळगावचे केशवराव फोटोग्राफर.

मॅट्रिक झाल्यावर सिद्राम निपाणीहून त्यांच्या स्टुडिओत कामाला लागला, ते साल एकाहत्तर. केशवराव माणूस लाख, पण गिऱ्हाईक खुर्चीवर टेकलं रे टेकलं की हे पावडरीचा डबा काढणार. चिकोडीचा पैलवान असो की खानापूरची नवरी, फोटोत सगळे पिठाच्या गिरणीतून नुकते बाहेर आल्यासारखे दिसायचे. त्यातून सिद्रामच्या मुलखातली माणसं रंगानं चांगली पक्की. तोंड पांढरंफटक आणि मान-कान मूळचे. ते फोटो बघून सिद्रामचं डोकं सणकायचं. आपली माणसं आहेत तशी दिसली तर कुणाचं काय बिघडतं? केशवराव म्हणायचे, "बाबा रे, गिऱ्हाइकाला पाहिजे ते द्यावं."

ते काही त्याला पटलं नाही. चार वर्षांनी तो कोल्हापूरला सिनेमात गेला. आधी पेट्या उचलल्या, मग ट्रॉली ढकलली, मग कॅमेऱ्याचा फोकस सांभाळला. सावळ्या चेहऱ्यावर उजेड कसा टाकायचा, हे मात्र त्यानं हट्टानं शिकून घेतलं. दिवा थेट तोंडावर मारायचा नाही. पांढऱ्या कापडावर मारायचा आणि तिथून उलटून येईल तेवढाच चेहऱ्यावर घ्यायचा. नायिकांच्या गालांची पावडर तर तो भांडून पुसायला लावायचा. तो येताना दिसला की मेकअपवाले डबे लपवायचे.

ऐंशी साली दिग्दर्शक गोपाळरावांनी त्याला कॅमेरामन म्हणून पहिला स्वतंत्र सिनेमा दिला. गोष्ट तंबाखूच्या वखारीतली. नायिका नव्यानं कामाला लागते आणि तिथल्या बायका तिला सांभाळून घेतात. शूटिंग निपाणीत आणि बायका खऱ्या वखारीतल्या, ही सिद्रामचीच अट. त्यांत त्याची आई होती. यल्लव्वा परकर नेसायच्या वयापासून तंबाखू चाळत होती. "खरे चेहरे दाखवतो," असं सिद्रामनं निर्मात्यांना छाती ठोकून सांगितलं होतं. दाखवले नाहीस तर पुढचा सिनेमा विसर, असं त्यांनीही हसत हसत सांगून ठेवलं होतं.

शूटिंगच्या सकाळी बायका आल्या त्या लग्नाला निघाल्यासारख्या. ठेवणीतली लुगडी, केसांत अबोली आणि तोंडावर पावडर. गुणाबाईनं तर हात सैल सोडून भुवयाही पांढऱ्या केल्या होत्या.

सिद्रामनं कपाळाला हात लावला. "आये, तोंडं धुऊन या बघू समद्या."

"का रं?" यल्लव्वा म्हणाली.

"रोज दिसतासा तसंच पायजे."

"रोजचं कोण बघतंय?" गुणाबाई फणकारली. "जल्मात एकदा सिनेमात यायचं आन् त्येबी बिनपावडरीचं व्हय?"

त्यानं विनवलं, दटावलं, चहा पाजला. एक बाई जागची हलली नाही. मग त्याला युक्ती सुचली. चाळणी हलली की धुरळा उडणार, घाम सुटणार, आणि पावडर आपोआप उतरणार. "ऱ्हाऊ द्या मग," तो साळसूदपणे म्हणाला. "आधी जरा रिहर्सल करूया. चाळा."

यल्लव्वानं चाळणी उचलली, दोनदा हलवली आणि खाली ठेवली. पदर खोचून ती सरळ कॅमेऱ्यापाशी आली.

"रिहर्सल न्हवं ही. धुरळ्याकडनं आमची तोंडं धुऊन घ्याय लागलाईस."

सगळं युनिट हसलं. सिद्रामही हसला. यल्लव्वा हसली नाही.

"त्यो धुरळा रोज बसतोय अंगावर. ल्हान हुतास तवा सांजचं जवळ याचा न्हाईस माझ्या, ठसका लागायचा तुला. एक दिस तर माझं त्वांड त्येच्याबिगर दिसू दे की."

सिद्रामला लाज वाटली. केशवरावांवर तो इतकी वर्षं चिडला, कारण ते कुणाला न विचारता पावडर फासायचे. आणि हा न विचारता पुसायला निघाला होता.

तो गोपाळरावांकडे गेला. "आतला सीन नको. दारातला घेऊ. बायका कामावर येतात आणि नायिकेला हाताला धरून आत नेतात."

"कामावर अशा नटून येतात होय बायका?"

"नाही येत. आज आल्यात."

"निर्मात्यांना तू सांगायचंस."

"सांगतो."

मग त्यानं गल्लीतून पांढरी धोतरं गोळा केली आणि वखारीच्या दारावर ताणून बांधली. ऊन त्यांतून झिरपून मऊ उतरलं. पावडरीशी भांडून जे जे शिकला होता, ते सगळं त्यानं त्या दिवशी पावडरीसाठी खर्ची घातलं. बायका थट्टा करत, एकमेकींना ढकलत दारातून आल्या.

निर्मात्यांनी तो तुकडा बघितला आणि शब्द पाळला. सीन कापायचा तर नायिकेची एन्ट्रीच गेली असती, म्हणून सीन राहिला आणि सिद्राम गेला. पुढं दोन वर्षं तो पुन्हा दुसऱ्यांच्या कॅमेऱ्याचा फोकस धरत होता. नंतर त्याला सिनेमे मिळाले, चांगले मिळाले. पण त्या दोन वर्षांत त्याची उमेद पार खचली होती.

त्याच दिवसांत सिनेमा निपाणीत लागला. वखारीतल्या बायका पहिल्या खेळाला हजर. पडद्यावर दार आलं, दारातून यल्लव्वा आली, आणि शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. गुणाबाई खुर्चीवर उभी राहिली. यल्लव्वा मात्र टक लावून बघत होती. तिनं शेजारी बसलेल्या लेकाला विचारलं,

"वखारीत शिरायच्या आदी मी आशी दिसतो व्हय रं?"

सिद्रामनं ते कधी बघितलंच नव्हतं. ती कामाला निघायची तेव्हा तो झोपलेला असायचा.