तळाचं पाणी

उकाई धरणाचा फुगवटा नवापूरच्या बाजूला जिथे शिरतो, तिथे ग्रेसी गावित दर पंधरवड्याला पाणी तपासायला जाते. सुरतेकडची एक संस्था तापीच्या मुखाशी समुद्राची तब्येत पाहते. नदी समुद्रात काय घेऊन येते हे कळायला त्यांना इथलं पाणी लागतं. हे काम आधी तिचा नवरा स्टीफन करायचा. त्याची पाठ गेली तेव्हा नवा माणूस मिळेपर्यंत म्हणून ग्रेसीने पेटी उचलली. त्याला अकरा वर्षं झाली.

यंदा मे महिन्यात तिने तळाचं पाणी बाटलीत भरून औषधाचे थेंब टाकले. पाण्यात प्राणवायू असला की त्यात तपकिरी गाळ धरतो. या वेळी गाळ पांढराच राहिला.

तिने फोन केला. संस्थेतले भाग्येश सर म्हणाले, "ग्रेसीताई, थेंब जुने झाले असतील. पुन्हा घ्या."

ती पुन्हा गेली, नव्या थेंबांनी. नाव वल्हवणाऱ्या रेंग्यानेही बाटली पाहिली. पांढरीच.

काठाशी रतिलाल उभा होता. नंदुरबारकडचा ठेकेदार, फुगवट्याच्या या खाडीत जाळीच्या पिंजऱ्यांत मासे वाढवतात, त्यातली बहुतेक मासळी त्याची.

"रतिलालभाऊ, पिंजरे मधल्या मोकळ्या पाण्यात ओढा," ग्रेसी म्हणाली. "वारा सुटला तर तळाचं पाणी वर येईल, मासे गुदमरतील."

"आठ दिन थांब ना, बाई. व्यापारी येई ऱ्हायनात. तू असं लिखशी तर कोण मासा ईकत ली? तुन्हं काय जाई ऱ्हायनं?"

तिचं खरंच काही जाणार नव्हतं. उन्हाने डोकं ठणकत होतं, गुडघे भरून आले होते. भांडायची ताकद नव्हती. तिने पेटीवर वही ठेवली आणि त्याच्यासमोरच प्राणवायूचा आकडा लिहिला, शून्य. संध्याकाळी रेंग्याने आणि त्याच्या बायकोने, दिवलीबाईने, आपला एकुलता पिंजरा मधल्या पाण्यात ओढून नेला.

चौथ्या दिवशी वादळी वारा आला. पहाटे खाडीतली सगळी मासळी पोट वर करून तरंगत होती. मधल्या पाण्यातला रेंग्याचा पिंजरा तेवढा वाचला. रतिलालची माणसं दोन दिवस खड्डे खणत होती. तो ग्रेसीशी बोलायचा बंद झाला, जणू मासे तिच्या वहीने मारले.

भाग्येश सर स्वतः येऊन पाणी घेऊन गेले. "तुमचं बरोबर होतं, ताई."

"हो," ती म्हणाली. "आता दुसरं कुणी बघा, सर. मी दमले."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. अशी मान त्यांनी आधीही हलवली होती.

पुढच्या आठवड्यात दिवलीबाई दारात येऊन बसली. बराच वेळ स्टीफनच्या पाठीची चौकशी करत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मला ने. आमचा पिंजरा आहे तिथे. मलाच कळायला हवं."

पुढच्या फेरीला नावेत दिवलीबाईने पहिली बाटली भरली, पण आत बुडबुडा राहिला.

"ओत," ग्रेसी म्हणाली. "बुडबुड्यातली हवा पाण्यात मिसळते, मग आकडा खोटा येतो. पुन्हा भर."

दिवलीबाईने पुन्हा बाटलीची दोरी पाण्यात सोडली. ग्रेसी नावेच्या कडेला पाय लांब करून बसली. ऊन चढत होतं आणि अजून तीन जागा बाकी होत्या.