बाणाचा शिक्का नसलेलं रिव्हॉल्व्हर

जमादारांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल मी जे बोललो ते चुकीचं होतं, हे मला वर्षभरातच कळलं होतं. ते कबूल करायला मात्र मी चाळीस वर्षं लावली.

अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. काडतुसांच्या पितळी पुंगळ्या माझ्या टेबलावरून जायच्या. आमचा कायदा साधा होता: शिक्का असेल तर माल, नसेल तर भंगार. इंग्रजांच्या काळातल्या सैन्याच्या प्रत्येक वस्तूवर सरकारी बाणाचा शिक्का असतोच, हेही आम्ही धरूनच चालायचो.

एका रविवारी दुपारी क्वार्टरवर आम्ही चौघं रमी खेळत बसलो होतो. तेव्हा बदलापूरचे जमादार आले, सोबत त्यांची विशीतली मुलगी. जमादार हा त्यांचा सैन्यातला हुद्दा; दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले होते आणि बुद्धविहारामागच्या वस्तीत राहत होते. पलटणीतल्या त्यांच्या कंपनीचा गोरा साहेब आजारी होऊन विलायतेला परतला, तेव्हा स्वतःचं रिव्हॉल्व्हर त्यांना देऊन गेला, असं ते सांगत. वस्तीबाहेरचे लोक हसायचे. "साहेब होता की सासरा?" असं तोंडावर विचारायचे. त्या वस्तीतल्या माणसाला साहेब असं काही देईल, हे त्यांना मानायचंच नव्हतं.

जमादारांनी परवान्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पंच्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर उघडलं.

"तुम्ही यातले जाणकार," ते म्हणाले. "हे लढाईतलं आहे का ते सांगून टाका, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील."

खरं तर कुठलंही रिव्हॉल्व्हर मी त्याआधी एकदाच हातात धरलं होतं. ते सांगायला हवं होतं. पण माझा डाव लागत आला होता, आणि 'जाणकार' हा शब्द चारचौघांत कानाला बरा वाटला. मी ते एकदा उलटंसुलटं फिरवलं. चाचणी झाल्याची खूण म्हणून मारलेले मुकुटाचे दोन बारीक शिक्के दिसले, सरकारी बाण नव्हता.

"जमादार, हे पलटणीचं नाही. दुकानात विकत मिळायचं, तसलं आहे."

"म्हणजे साहेबानं दुकानातून आणून दिलं वाटतं," आमच्यातला एक जण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. जमादारांनी रिव्हॉल्व्हर पुन्हा पंच्यात नीट गुंडाळलं. "बरं, साहेब," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी आमच्याकडे सैन्यातून निवृत्त झालेला एक हत्यार दुरुस्त करणारा कारागीर आला. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. तो हसला नाही.

"गोरे अधिकारी स्वतःचं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशानं घ्यायचे," तो म्हणाला. "दुकानातूनच. त्यावर बाण कुठून येणार? मुठीचं लाकूड काढून पाहिलंत का? दुरुस्तीला आलेल्या हत्यारांचे भाग मिसळू नयेत म्हणून आम्ही आत मालकाची खूण कोरायचो."

मी पाहिलं नव्हतं. एक स्क्रू होता, दोन मिनिटांचं काम. साहेबानं ते दुकानातून आणलं, असं आमच्या भिडूनं थट्टेत म्हटलं होतं, तेच खरं होतं.

मी एकदा बदलापूरपर्यंत गेलो आणि स्टेशनाबाहेर चहा पिऊन परत आलो. नंतर कानावर आलं की जमादार झेंडावंदनाला पदकं लावून येत, ते त्यांनी बंद केलं आहे. तरीही मी गेलो नाही. ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.

या वर्षी त्यांची मुलगी माझ्या दारात उभी राहिली. केस पिकलेले, मी ओळखलं नाही.

"काका, त्या दिवशीचा डाव जिंकलात का?" ती म्हणाली. मग ओळखलं.

ती आता बदलापुरातल्याच मांजर्लीत राहते. वारस म्हणून परवाना तिच्या नावावर आहे, पण रिव्हॉल्व्हर उल्हासनगरच्या एका बंदुकीच्या दुकानात जमा आहे. तिला ते वडिलांच्या पलटणीच्या संग्रहालयाला द्यायचं होतं. संग्रहालय त्याचा इतिहास विचारत होतं, आणि रिव्हॉल्व्हरसोबत साहेबानं दिलेलं पत्र जमादार माझ्याकडे आले त्याच्याही आधी महापुरात गेलं होतं.

"खोटं तुम्ही ठरवलंत," ती म्हणाली. "आता खरंही तुम्हीच शोधा."

माझं बोलणं चुकीचं होतं हे मला वर्षभरातच कळलं होतं, असं मी तिला सांगितलं. 

"बाबा असताना का नाही आलात?"

"लाज वाटली."

"तुम्हाला? मग त्यांना काय वाटलं असेल?"

त्याच आठवड्यात आम्ही उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदारानं मुठीच्या स्क्रूवर तेलाचा थेंब सोडला. "साईं, ये तो बरसों से किसी ने खोला नहीं," म्हणाला आणि आम्हाला चहा पाजला. मग त्यानं हलकेच लाकूड उचललं. आत तीन इंग्रजी आद्याक्षरं होती आणि खाली कंपनीचा नंबर. तिनं चष्मा लावला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. नंबर तिनं मोठ्यानं वाचला. वडिलांकडून ऐकून तो तिला पाठ होता.

आम्ही फोटो पाठवले. दोन महिन्यांनी संग्रहालयाचं उत्तर आलं: अक्षरं त्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नावाशी जुळतात, आणि ब्रह्मदेशात जमादार त्याच्याच हाताखाली होते. साहेबानं ते आपल्या हातानं दिलं, याचा कागद आता कुणाकडेच नाही, हेही त्यात लिहिलं होतं. तरी रिव्हॉल्व्हर जमादारांच्या नावानं आणि त्यांच्या हकिगतीसह ठेवायला ते तयार होते.

"बातमी चांगली आहे, काका," तिनं फोनवर सांगितलं. "पण तुम्ही चारचौघांत बोलला होतात. आता रविवारी विहारात या."

गेलो. तीस-चाळीस माणसं सतरंजीवर बसली होती. समोर जमादारांचा फोटो होता, आणि चौकटीला तिनं त्यांची पदकं अडकवली होती. मी उभा राहिलो, रमीच्या डावापासून सुरुवात केली. आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे जात नव्हता. पहिल्या रांगेतून ती म्हणाली, "काका, मोठ्यानं बोला. मागच्या आज्यांना ऐकू येत नाहीये."

मी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.