इलाहीभाईंची डिझेल गाडी

इलाहीभाई गारगोटीच्या बाजारातले टेलर. ॲव्हरेज झकास मिळतं म्हणून त्यांनी डिझेल गाडी घेतली. रोज किती पळवणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही. घर ते दुकान अर्धा किलोमीटर. वर्षभरात गाडी धापा टाकायला लागली. मेकॅनिक वैतागला, "डिझेल हाय, भाई. आठवड्यातनं एकदा लांब पळवा, न्हायतर फिल्टर चोंदतोय."

तेव्हापासून दर सोमवारी दुकान बंद ठेवून ते राधानगरी धरणापर्यंत जाऊन येतात. काम काहीच नसतं. शेजारी बायको, सुलतानबी, मांडीवर डबा घेऊन बसते.

परवा घाटात इलाहीभाई म्हणाले, "ॲव्हरेज मातूर एक नंबर हाय."

सुलतानबी बाहेर बघत म्हणाली, "वीस वर्षं धरण दाखवा म्हणत हुते. आधीच मेकॅनिकला गाठाय पायजे हुतं."