मावशीचं डावं बोट

मावशीच्या कामाला कुणी कधी छान म्हटलं नाही, कारण ते दिसायचंच नाही. सिगारेटने जळलेला कोट, कसर लागलेली शाल, खिळ्यात अडकून फाटलेली पँट, असलं काहीबाही रफूला यायचं. कपड्याच्या आतल्या दुमडीतून ती त्याचेच धागे उपसायची आणि भोकावर एकेक करून विणायची. डाव्या हाताची तर्जनी भोकाखाली धरलेली. सुई कुठल्या धाग्यावरून गेली नि कुठल्याखालून, हे तिला डोळ्यांपेक्षा त्या बोटाने कळायचं. गिऱ्हाईक कापड उजेडात धरून विचारायचं, "कुठे होतं हो भोक?" आणि पुढे इस्त्रीच्या टेबलाशी काका असे हसायचे, जणू त्यांनीच विणलंय. काका म्हणजे मावशीचे यजमान. दुकान त्यांचं होतं, हे ते कुणाला विसरू द्यायचे नाहीत.

त्या थंडीत मावशीला ताप येऊन गेला आणि ओठाच्या कडेला फोड उठले. ते तिला अधूनमधून यायचेच, त्यांचं कुणाला काय. ताप उतरताच ती मागच्या खिडकीपाशी आपल्या स्टुलावर जाऊन बसली. धाग्याचं टोक ओठांत ओलं करायचं, डाव्या चिमटीत वळायचं, सुईत घालायचं, हे दिवसभर चालू. आणि तर्जनीचं टोक तर कायम सुईने टोचलेलं.

आधी त्या बोटाला मुंग्या आल्या. मग ते असं ठणकायला लागलं की तिला भाकरीचा तुकडाही मोडवेना. लाल सुजेवर बारीक फोडांचा पुंजका उठला.

"नखुरडं आहे," काका म्हणाले. "फोडलं की मोकळं होईल."

"नखाजवळ नाहीये हो ते. आणि पू कुठे दिसतोय? नुसतं पाणी आहे आत."

"पिकायचं राहिलंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

काळ्या कापडातला काळा धागा ओळखणाऱ्या बाईला पू आणि पाणी वेगळं दिसत होतं. पण त्या घरात मावशीला काय दिसतं हे विचारायची पद्धत नव्हती. एका कोटाचा वायदा जवळ आला होता. दवाखान्यात अर्धा दिवस मोडला असता. काकांनी दाढीचं ब्लेड गॅसवर धरलं आणि "माझा हात हलका आहे" म्हणत बोटाचं टोक चिरलं. पू आला नाही, म्हणून आणखी खोल चिरलं. मावशीने बोट तसंच पुढे धरून ठेवलं. आईने हे मला सांगितलं तेव्हा काकांइतकाच मला तिचाही राग आला.

पू आला तो नंतर, चिरलेल्या जागेतून, खराखुरा. हात मनगटाच्या वर लाल झाला तेव्हा मी तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बोट पाहिलं. कडेला उरलेले दोन-चार फोड भिंगातून पाहिले, मग ओठावरची सुकलेली खपली पाहिली.

"सुईत दोरा कसा ओवता? दाखवा बरं."

मावशीने नसलेला धागा ओठांत धरून दाखवला.

"ओठावरचा विषाणू टोचलेल्या बोटात शिरला," बाई म्हणाल्या. "असे पाण्याचे फोड कापायचे नसतात. कोरड्या पट्टीत झाकून ठेवायचे, दुसऱ्या कुणाला लागू द्यायचे नाहीत, आणि विषाणूवरच्या गोळ्या लवकर सुरू करायच्या. बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत आपोआपही बरं होतं. कापलं कुणी हे?"

"लागलं कशाने तरी," मावशी म्हणाली.

आपोआप! तो शब्द अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नुसतं तिच्या वाट्याला कुणी गेलं नसतं तरी पुरलं असतं.

औषधांनी जखम भरली. टोक मात्र बधिर झालं ते झालंच. सुई टोचली तर रक्ताचा डाग पाहून तिला कळतं. बाईंनी बजावलं होतं की हे पुन्हा उठू शकतं, मुंग्या आल्या की लगेच येऊन गोळ्या सुरू करायच्या. पण मुंग्या यायला बोट जिवंत लागतं.

परवा दुकानात गेले. मावशी शर्टाला बटणं लावत होती. शेजारी वाटीत पाणी, धागा आता त्यात भिजवते. रफूचे कपडे काका दुसरीकडे पाठवतात.

"केवढं सुजलं होतं बोट," काका गिऱ्हाइकाला सांगत होते. "मी वेळेवर चिरलं म्हणून वाचलं. विचारा हिला, दुखतं का आता?"

गिऱ्हाइकाने मागे वळून पाहिलं.

"नाही," मावशी म्हणाली. "काहीच दुखत नाही."

मी तिचा डावा हात हातात घेतला. बोटाच्या टोकाला फोडांचा नवा पुंजका उठला होता.

"हे कधी आलं?" मी विचारलं.

तिने बोट खिडकीच्या उजेडात धरलं. ती ते पहिल्यांदाच पाहत होती.